वडिलांचा पार्किन्सन्स किती पुढे सरकला, हे मनगटावरचे उपकरण सांगू शकते का?

मेघना_सातारा

नमस्कार. माझे वडील निवृत्त शिक्षक असून पाच वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्सचे निदान झाले. सुरुवातीला फक्त उजव्या हाताला कंप होता. आता हालचाली मंदावल्या आहेत आणि लेव्होडोपाच्या गोळीचा असर पुढच्या गोळीची वेळ येण्याआधीच उतरू लागला आहे. पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टकडे आम्ही चार-पाच महिन्यांतून एकदा जातो. त्या दिवशी बाबा गोळी अगदी वेळेवर घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून असे काही ताठ चालत आत जातात, की आम्ही घरी काय पाहतो ते डॉक्टरांना सांगताना आम्हीच खोटे बोलत आहोत असे वाटावे. घरी मात्र सकाळी अकराच्या सुमारास स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि आईला हात धरून त्यांना पुढे आणावे लागते.

माझा भाऊ बंगळूरला असतो. बाबांना एक चांगले स्मार्टवॉच घेऊन द्यावे, म्हणजे दिवसरात्र नोंद राहील आणि आजार किती पुढे सरकला हे डॉक्टरांना आकड्यांतच दाखवता येईल, असे त्याचे म्हणणे आहे. कालनिर्णयच्या पाठीमागे दुधाच्या हिशेबाशेजारी आपण जे लिहून ठेवतो तेवढे पुरे, असे आईचे मत आहे. मला दोघांचेही पूर्ण पटत नाही. बाजारात मिळणारे घड्याळ पार्किन्सन्स मोजते का, की त्यासाठी वेगळी वैद्यकीय उपकरणे असतात? आणि त्यातून मिळणाऱ्या आकड्यांवर डॉक्टर खरोखर काही निर्णय घेतात का? जाणकारांनी किंवा अनुभवी शुभंकरांनी (रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी) कृपया सविस्तर लिहावे.

सिग्नलवाला

मी डॉक्टर नाही. वैद्यकीय उपकरणांतून येणाऱ्या संकेतांचे विश्लेषण करणे हे माझे काम आहे, म्हणून केवळ मोजमापाच्या बाजूने लिहितो.

या कामी घड्याळातील दोन संवेदक महत्त्वाचे असतात. एक त्वरणमापक, जो हाताच्या वेगात होणारा बदल टिपतो, आणि दुसरा गायरोस्कोप, जो मनगट कसे वळले ते टिपतो. पार्किन्सन्समध्ये हात स्वस्थ असताना जो कंप येतो तो साधारणपणे सेकंदाला 4 ते 6 आवर्तनांचा असतो, तर चालताना पडणारी पावले सेकंदाला दोनच्या आसपास असतात आणि हाताची बरीचशी ऐच्छिक कामे त्याहूनही संथ असतात. त्यामुळे या गोंधळातून कंप वेगळा काढणे तुलनेने सोपे जाते. दात घासणे, कोथिंबीर चिरणे किंवा खराब रस्त्यावरचा रिक्षाप्रवास यांसारखे प्रसंग आकडा बिघडवतात, पण त्यांवर उपाय आहेत.

मंदपणाचे तसे नाही. हात हलला नाही, एवढेच संवेदकाला कळते. तो आजारामुळे हलला नाही की बाबा अग्रलेख वाचण्यात गुंगले होते म्हणून, हे त्याला आपोआप कळत नाही. म्हणून चांगल्या वैद्यकीय उपकरणांत एकेका हालचालीपेक्षा दिवसभरातील हजारो हालचालींचा वेग आणि त्यांमधील विराम यांचा एकत्रित विचार केलेला असतो. माझ्या मते या विषयातला खरा कस इथेच लागतो, आणि जाहिराती नेमक्या याच मुद्द्यावर मौन पाळतात.

आता बाजारातल्या घड्याळाबद्दल. ॲपलने 2018 मध्ये घड्याळाच्या प्रणालीत कंप आणि औषधामुळे होणाऱ्या अनैच्छिक हालचाली मोजण्याची सोय ॲप बनवणाऱ्यांसाठी खुली केली. त्यामागचा अभ्यास 2021 मध्ये ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि या सोयीवर उभारलेल्या स्ट्राइव्हपीडी नावाच्या ॲपला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 मध्ये मंजुरी दिली. मात्र घड्याळ विकत घेतले की हे आकडे पडद्यावर उमटतात असा समज करून घेऊ नये. त्यासाठी तसे ॲप लागते, आणि ते भारतात मिळते का हे भावाने पैसे खर्च करण्याआधी पाहावे. अन्यथा हाती राहतात ती पावले, नाडी आणि झोप, म्हणजे निरोगी माणसासाठी काढलेले आकडे. पावलांची मोजणीही मंद, घासत चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत बरीच चुकते, कारण बहुतेक घड्याळे हाताच्या झोक्यावरून पाऊल ओळखतात आणि पार्किन्सन्समध्ये तो झोकाच आधी कमी होतो.

न्यूरो_निवृत्त

मेघनाताई, मी अनेक वर्षे न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस केली आहे. आपण वर्णन केलेला ‘तपासणीच्या दिवशीचा ताठपणा’ प्रत्येक न्यूरॉलॉजिस्टच्या परिचयाचा असतो, त्यामुळे आपण खोटे बोलत आहोत असे डॉक्टरांना वाटेल ही चिंता सोडून द्यावी.

आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक म्हणजे दिवसाच्या चोवीस तासांत होणारा चढउतार, म्हणजे गोळी लागू पडणे, उतरणे आणि मध्येच अनैच्छिक हालचाली होणे. दुसरी म्हणजे वर्षानुवर्षे मेंदूतील डोपामिन (हालचालींसाठी लागणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी कमी होत गेल्याने आजाराची होणारी वाटचाल. अंगावर बाळगायची उपकरणे आज पहिल्या गोष्टीसाठी चांगली उपयोगी पडतात. दुसऱ्या गोष्टीसाठी ती अजून मुख्यतः संशोधनाचे साधन आहेत. दिवसातला चढउतार इतका मोठा आणि वर्षभरातला बदल इतका सूक्ष्म असतो, की एखाद-दुसऱ्या दिवसाच्या आकड्यांवरून वाटचाल काढू पाहणे म्हणजे भरती-ओहोटी पाहून समुद्राची पातळी दरवर्षी किती वाढते ते सांगण्यासारखे आहे.

पहिल्या उपयोगाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे विकसित झालेले पीकेजी हे मनगटी उपकरण. ते घड्याळासारखेच दिसते, पण रुग्णाने ते सुमारे सहा दिवस सलग बांधायचे असते. दर दोन मिनिटांच्या हालचालींतून ते मंदपणाचा एक आणि अनैच्छिक हालचालींचा एक असे दोन अंक काढते. गोळीच्या वेळी ते थरथरते आणि गोळी घेतल्यावर रुग्णाने त्यावर तशी खूण करायची असते. परत केल्यावर जो आलेख मिळतो त्यात गोळीच्या वेळा आणि हालचालींची रेषा एकाच पानावर येतात. आपल्या वडिलांचे अकरा वाजताचे अडखळणे आठ वाजताच्या गोळीचा असर उतरल्यामुळे आहे की गोळी मुळात लागूच पडली नाही, याचा उलगडा अशा आलेखातून होऊ शकतो. या दोहोंवरचे उपाय भिन्न आहेत, म्हणून आलेखाला किंमत आहे. ब्रिटनमध्ये उपचार आणि उपकरणांबाबत शिफारशी करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने जानेवारी 2023 मध्ये पीकेजी, कायनेशिया 360, कायनेशिया-यू, पीडीमॉनिटर आणि स्टॅट-ऑन अशा पाच उपकरणांचा वापर मान्य केला, मात्र आणखी पुरावा गोळा करत राहण्याची अट घालून. ही अट मला अत्यंत योग्य वाटते.

वाटचालीकडे वळू. आजवर ती मोजण्याचा मुख्य मार्ग म्हणजे एमडीएस-यूपीडीआरएस ही मोजपट्टी. तिच्या तिसऱ्या भागात डॉक्टर रुग्णाला बोटे आपटायला, हात उघडमीट करायला, खुर्चीतून उठून चालायला सांगतात आणि 33 ठिकाणी शून्य ते चार असे गुण देऊन 132 पैकी बेरीज करतात. दोन अनुभवी डॉक्टरांच्या बेरजेतही काही गुणांचा फरक पडतो, आणि त्यात औषध चालू असेल तर आजार किती वाढला हे झाकले जाते. म्हणून संशोधनात ही तपासणी पुष्कळदा आदल्या रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी, सकाळची गोळी देण्याआधी केली जाते. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांच्या छातीवर, कमरेमागे, दोन्ही मनगटांवर आणि दोन्ही पायांवर असे सहा संवेदक बांधले, दर तीन महिन्यांनी त्यांना दोन मिनिटे चालायला आणि अर्धा मिनिट स्थिर उभे राहायला लावले, आणि संगणकीय पद्धतीने त्याचे विश्लेषण केले. मोजपट्टीला जो बदल दिसला नाही तो या पद्धतीला 15 महिन्यांत दिसला. मात्र हा बदल अनेक रुग्णांच्या गटात, ठरावीक जागी, ठरावीक कृती करवून घेऊन दिसला आहे. एका माणसाच्या मनगटावरील एका घड्याळाला घरच्या धबडग्यात तो दिसेल असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

आणखी एक सापळा सांगतो. कंप मोजायला सर्वांत सोपा म्हणून ॲपमध्ये तोच ठळक दाखवला जातो, पण कंप आणि आजार बरोबरीने वाढतातच असे नाही. काही रुग्णांत पुढील वर्षांत कंप कमी होतो आणि मंदपणा व तोल जाणे वाढते. कंपाची रेषा खाली आली म्हणून घरचे पेढे वाटतात आणि त्याच काळात रुग्ण न्हाणीघरात पडतो, हे मी पाहिले आहे.

शेवटचा आणि थोडा अप्रिय मुद्दा. पार्किन्सन्सची वाटचाल मंदावते असे निर्विवाद सिद्ध झालेले औषध आज नाही. त्यामुळे ‘आजार इतके टक्के पुढे सरकला’ असा आकडा मिळाला तरी केवळ त्यावरून गोळी बदलली जात नाही. ती बदलते रुग्णाला दिवसातून किती तास अडचण होते यावरून. वाटचालीच्या अचूक आकड्याची खरी निकड आहे ती नव्या औषधांच्या चाचण्यांना. प्रासिनेझुमॅब या प्रायोगिक औषधाच्या ‘पॅसाडेना’ नावाच्या चाचणीत रुग्णांना फोन आणि घड्याळ देऊन घरच्या घरी चाचण्या करायला लावल्या होत्या, त्या याच हेतूने.

शुभार्थी_पुणे

मी बँकेतून निवृत्त झालो आणि काही वर्षांपासून पार्किन्सन्ससोबत राहतो आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले आणि पटले. परंतु जो माणूस हे उपकरण बांधणार आहे त्याच्या बाजूनेही कोणी लिहावे, म्हणून हा प्रपंच.

माझ्या मुलीने मला घड्याळ दिले तेव्हा त्याचा पट्टा हाच पहिला प्रश्न ठरला. ज्याला सदऱ्याची गुंडी लावताना दम लागतो त्याने एका हाताने बारीक छिद्रात पिन अडकवायची, ही अपेक्षाच चमत्कारिक आहे. ताणून चढवता येणारा किंवा चिकटपट्टीचा पट्टा आधी बसवून घ्यावा. दुसरे म्हणजे चार्जिंग. घड्याळ रात्री चार्जिंगला लावले तर पहाटेची नोंद राहत नाही, आणि माझी सर्वांत वाईट वेळ पहाटेचीच असते. मी संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्यांच्या वेळी ते काढून ठेवतो.

याहून महत्त्वाची गोष्ट मनाची आहे. कंपाचा आकडा पडद्यावर दिसतो म्हणून मी तो पुन्हा पुन्हा पाहू लागलो, आणि पाहिले की अस्वस्थ होऊ लागलो. ताण आला की कंप वाढतो हे कोणीही शुभार्थी, म्हणजे या आजारासोबत जगणारा माणूस, सांगेल. शेवटी मुलीने तो आकडा माझ्या घड्याळावरून काढून टाकला आणि नोंद फक्त तिच्या फोनवर ठेवली. त्यानंतर घड्याळ मला मित्रासारखे नसले, तरी निदान पोलिसासारखे वाटेनासे झाले.

मला त्याचा झालेला फायदाही सांगतो. जेवणानंतरच्या दुपारी माझी गोळी लागू पडत नाही, अशी माझी जुनी तक्रार होती. घड्याळाची नोंद आणि पत्नीची वही शेजारी ठेवल्यावर असे दिसले, की ज्या दिवशी गोळी आणि वरण-उसळीचे भरपेट जेवण एकदम झाले त्याच दिवशी हे घडते. डॉक्टरांनी सांगितले की प्रथिने आणि लेव्होडोपा आतड्यातून शोषले जाताना एकमेकांच्या आड येतात, आणि गोळी जेवणाआधी बऱ्याच अंतराने घेण्याची वेळ ठरवून दिली. वही नसती तर घड्याळाला हे कधीच कळले नसते. तेव्हा मेघनाताई, आईंची कालनिर्णयमागची नोंद मुळीच बंद करू नका.

उंबऱ्यापाशी पाय चिकटणे मनगटावरच्या घड्याळाला क्वचितच कळते. त्या क्षणी हात कदाचित दाराची चौकट धरून असतो. वर उल्लेखलेले स्टॅट-ऑन कमरेला बांधायचे असते, त्यामागे चाल टिपण्याचाच विचार आहे. पण खरे सांगायचे तर उंबऱ्यासाठी मला उपकरणापेक्षा फिजिओथेरपिस्टने सांगितलेली युक्ती अधिक उपयोगी पडली: उंबऱ्याआधी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवायच्या आणि त्या ओलांडत चालायचे.

आणि बाबांना विचारले आहे का? आपल्या पत्रात भाऊ, आई आणि आपण यांची मते आहेत, त्यांचे नाही.

सिग्नलवाला

काकांच्या शेवटच्या प्रश्नाला जोडूनच माहितीच्या मालकीचा मुद्दा येतो. हालचाल, झोप आणि औषधाच्या वेळा ही अतिशय खासगी माहिती आहे, आणि ती बहुधा परदेशातील सर्व्हरवर जाते. आपल्याकडे 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला असला तरी ॲपच्या अटींवर ‘मान्य’ असे दाबण्यापूर्वी माहिती कोणाला दिली जाईल, ती पुसून मागता येते का आणि सगळी नोंद फाइल म्हणून उतरवून घेता येते का, या तीन गोष्टी बाबांच्या वतीने कोणीतरी वाचाव्यात. शेवटची गोष्ट व्यवहारात सर्वांत महत्त्वाची आहे. कंपनीने ॲप बंद केले की वर्षानुवर्षांची नोंद जाते, आणि वाटचालीसाठी तर वर्षानुवर्षांचीच नोंद हवी असते. घड्याळ किंवा त्याची प्रणाली बदलली की मोजण्याची रीतही बदलू शकते, म्हणून जुन्या आणि नव्या घड्याळाच्या आकड्यांची थेट तुलना करू नये.

ऋतूंचाही हिशेब धरावा. साताऱ्याच्या पावसात जूनपासून सकाळचे फिरणे थांबले की पावले निम्म्यावर येतील, आणि त्याचा पार्किन्सन्सशी काहीही संबंध नसेल. जुलैची तुलना मागच्या जुलैशीच करावी.

हा आजार आपल्यालाही होणार का ते घड्याळ आधीच सांगेल का, असा प्रश्न आपल्या भावाच्या मनात येईल म्हणून आधीच लिहितो. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. यूके बायोबँक या ब्रिटनमधील मोठ्या आरोग्य-माहिती प्रकल्पातील एक लाखाहून अधिक लोकांनी 2013 ते 2016 या काळात एक आठवडा मनगटावर त्वरणमापक बांधला होता, आणि त्यांपैकी ज्यांना पुढे पार्किन्सन्स झाला त्यांच्या हालचाली निदानाच्या सात वर्षांपर्यंत आधीपासून मंदावलेल्या आढळल्या. हे काम उत्तम आहे, परंतु ते मोठ्या लोकसंख्येतील सांख्यिकी आहे. स्वतःच्या घड्याळात पावले कमी दिसली म्हणून वडिलांचा आजार आपल्यात उतरला असे कोणी मानू नये.

मेघना_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. काका, आपला प्रश्न योग्य होता. आज संध्याकाळी बाबांना विचारले. ‘गोळीची आठवण करून देणार असेल तर बांधतो, पण माझी झोप कशी झाली ते घड्याळाने मला सांगू नये’, असे ते म्हणाले. त्यामुळे घड्याळ घ्यायचे ठरले आहे, मात्र अपेक्षा मर्यादित ठेवून. डॉक्टरसाहेब, दोन व्यावहारिक शंका आहेत. घड्याळ कोणत्या हातावर बांधावे? आणि पुढच्या भेटीला जाताना डॉक्टरांसमोर नेमके काय ठेवावे, म्हणजे त्यांचा वेळही वाया जाणार नाही?

न्यूरो_निवृत्त

ज्या बाजूला आजाराची लक्षणे अधिक आहेत त्या हातावर, म्हणजे आपल्या वडिलांच्या बाबतीत उजव्या हातावर बांधावे, आणि एकदा ठरवल्यावर हात बदलू नये. पट्टा सैल असेल तर घड्याळ स्वतःच हलते आणि ती हालचालही नोंदली जाते, म्हणून तो नीट बसेल असा पण न काचणारा असावा.

डॉक्टरांसमोर महिनोन्‌महिन्यांचे आलेख ठेवू नयेत. ते पाहायला वेळ नसतो, आणि असला तरी त्यांतून फारसे निघत नाही. भेटीच्या आधीच्या आठवड्यातील तीन-चार नेहमीसारखे दिवस निवडावेत, पाहुणे किंवा प्रवास नसलेले. त्या दिवसांत आईंनी दर अर्ध्या तासाला ‘गोळी लागू’, ‘गोळी उतरली’, ‘अनैच्छिक हालचाल’ किंवा ‘झोप’ यांपैकी एकच शब्द लिहावा. अशी अर्ध्या-अर्ध्या तासाची वही संशोधनातही वापरली जाते. गोळीची आणि जेवणाची खरी वेळ लिहावी, ठरलेली नव्हे. घड्याळाचा आलेख या वहीशेजारी एका पानावर लावावा. दोन्ही एकच सांगत असतील तर डॉक्टर लगेच निर्णय घेऊ शकतील. दोन्ही भिन्न सांगत असतील तर वहीवर अधिक विश्वास ठेवावा असे माझे मत आहे. काही तरुण सहकारी यावर माझ्याशी वाद घालतात, तो त्यांनी जरूर घालावा.

त्यासोबत फोनवर दोन छोट्या चित्रफिती घ्याव्यात. एक सकाळच्या पहिल्या गोळीआधी आणि एक गोळी पूर्ण लागू असताना, दोन्हींत खुर्चीतून उठणे, दहा-बारा पावले चालणे, वळणे आणि परत येऊन बसणे. पहिल्या चित्रफितीच्या वेळी कोणीतरी हाताच्या अंतरावर उभे राहावे, कारण पडण्याचा धोका त्याच वेळी अधिक असतो. उंबऱ्यापाशी पाय अडतात तो प्रसंग सहज टिपता आला तर उत्तम, पण त्यासाठी त्यांना मुद्दाम तसे चालायला लावू नये. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच खुर्चीवरून, गोळीआधीची अशी चित्रफीत जपून ठेवलीत, तर आजाराच्या वाटचालीची घरगुती नोंद म्हणून ती कोणत्याही पावलांच्या आकड्यापेक्षा मला अधिक भरवशाची वाटेल.

बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणे किंवा हातपाय झाडणे, उदासपणा, विसरभोळेपणा आणि उठून उभे राहताना येणारी चक्कर यांपैकी बहुतेक गोष्टी घड्याळाला कळत नाहीत आणि वडील स्वतःहून सांगणार नाहीत, म्हणून त्या आपण लिहून न्याव्यात. चक्कर येत असेल तर पडून असतानाचा आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आतला रक्तदाब घरच्या यंत्रावर मोजून ते दोन्ही आकडे आणावेत.

आलेखात काहीही दिसले तरी गोळीची मात्रा किंवा वेळ घरच्या घरी बदलू नये, आणि लेव्होडोपा तर एकाएकी कधीच बंद करू नये. त्यामुळे तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन रुग्ण गंभीर होऊ शकतो. भावाने बंगळूरहून फोनवर आलेख पाहून सल्ला देण्याचा मोह आवरावा, एवढे त्याला माझ्या नावाने सांगितले तरी चालेल.

शुभार्थी_पुणे

झोपेच्या आकड्याबाबत बाबांशी पूर्ण सहमत. तो सूचनांच्या सेटिंगमधून बंद करता येतो, फक्त गोळीची आठवण तेवढी चालू ठेवा.

मेघना_सातारा

केले, काका. ताणून चढवायचा पट्टाही मागवला आहे.